क्लिप आपल्या फोनवर आली तर

व्हिडिओ कॉल तुटतो आणि मिनिटभरात व्हॉट्सअ‍ॅपवर दोन गोष्टी येऊन पडतात. एक, त्याच कॉलची बारा-पंधरा सेकंदांची अश्लील क्लिप. दुसरी, फेसबुकवरच्या मित्रयादीचा स्क्रीनशॉट. त्यात मेहुणी असते, ऑफिसातले साहेब असतात, मुलीच्या शाळेतल्या बाई असतात, गावाकडचे चुलते असतात. खाली हिंदीत एक ओळ: 'इन सबको भेज दूँ क्या?' क्लिप पाहून माणसाला घाम फुटतो, पण त्याचे हातपाय गळतात ते ती यादी पाहून.

खंडणीखोर हजार किलोमीटरवर बसलेला असतो. त्याला तुमच्या घराचा पत्ता ठाऊक नसतो, तुमच्या केसालाही तो धक्का लावू शकत नाही. त्याची सगळी भिस्त यादीतल्या लोकांवर असते. ही माणसं क्लिप उघडतील, पुन्हा पाहतील, शेजारच्याला दाखवतील आणि उद्यापासून या गृहस्थाकडे वेगळ्या नजरेनं बघतील, याची त्याला खात्री असते. धमकी तो देतो. ती अमलात आणायचं काम आपण करायचं असतं. आणि आजवर आपण ते चोख करत आलो आहोत.

तरीही या विषयावर जे काही छापलं-बोललं जातं ते सगळं सावजाला उद्देशून. पोलीस ठाण्याबाहेरचे फलक, बँकांचे मेसेज, कॉलेजातली सायबर जनजागृतीची व्याख्यानं यांत एकच पाठ असतो: अनोळखी फ्रेंड रिक्वेस्ट घेऊ नका, अनोळखी व्हिडिओ कॉल उचलू नका, खासगी फोटो पाठवू नका. सल्ला खोटा नाही. पण त्या यादीतल्या चारशे जणांनी काय करायचं, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते सेक्सटॉर्शनची, म्हणजे खासगी क्लिप-फोटोंच्या धाकावर चालणाऱ्या या खंडणीची, नाडी या चारशे जणांच्याच हातात आहे.

धंदा कसा चालतो ते जवळून पाहिलं की हे पटतं. राजस्थानचे भरतपूर, डीग, अलवर, हरियाणाचं नूह आणि उत्तर प्रदेशचं मथुरा हे जिल्हे जिथं एकमेकांना भिडतात, तो मेवातचा पट्टा या प्रकारामुळे देशभरातल्या पोलिसांना पाठ झाला आहे. (सगळा मेवात यात आहे असं समजणं तिथल्या कष्टकरी लोकांवर अन्याय करणारं होईल, पण टोळ्या तिथं आहेत हेही खरं.) २०२२ मध्ये पुण्यात अशाच धमक्यांपायी तरुणांनी जीव दिला, तेव्हा दत्तवाडी पोलीस माग काढत अलवर जिल्ह्यातल्या गुरुगोठडी गावापर्यंत पोचले होते.

कॉलवर दिसणारी तरुणी त्या क्षणी तिथं नसतेच. एका फोनवर आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालू असतो, दुसऱ्या फोनचा कॅमेरा त्या पडद्यावर धरलेला असतो आणि पलीकडे बहुतेकदा नुकतंच मिसरूड फुटलेली पोरं बसलेली असतात. तुमचा चेहरा दोन-तीन सेकंद स्वच्छ दिसला की त्यांचं काम झालं. समोरच्यानं कपडे काढलेच पाहिजेत असंही नाही. एका चौकटीत नग्न बाई आणि दुसऱ्या चौकटीत चष्मा सावरत 'हॅलो, कोण बोलतंय?' म्हणणारे निवृत्त मास्तर, एवढ्यावरही क्लिप उभी राहते. उरलेलं एडिटिंगमध्ये भागवतात.

पहिले पाच हजार गेले की खरी दमछाक सुरू होते. दुसऱ्या दिवशी 'दिल्ली क्राइम ब्रँच'मधून फोन येतो. डीपीला वर्दीतल्या कुणा अधिकाऱ्याचा नेटवरून उचललेला फोटो. तुमचा व्हिडिओ यूट्यूबवर चढलाय, काढायचा असेल तर अमक्याशी बोला. तो अमका म्हणजे 'यूट्यूबचा अधिकारी', त्याची फी वेगळी. एवढं होऊनही कोणी देतच राहिला तर शेवटचा डाव: त्या मुलीनं आत्महत्या केली, चिठ्ठीत तुमचं नाव आहे, केस मिटवायची तर एवढे लागतील. मुलगी नाही, चिठ्ठी नाही, अधिकारीही नाही. आवाज मात्र पुष्कळदा एकाचाच, जरा जाड केलेला. सिमकार्ड तिसऱ्याच राज्यातल्या कुणाच्या नावावर असतं, पैसे भाड्यानं घेतलेल्या खात्यात पडतात आणि तिथून बघता बघता पुढच्या चार खात्यांत पांगतात.

म्हणजे जो देतो त्याचाच छळ लांबतो. न देणाऱ्यात टोळीला फारसा रस उरत नाही, कारण एकाच वेळी ती अशा कितीतरी जणांच्या मागे असते. क्लिप पाठवून दिली की हातातला हुकमाचा पत्ता गेला. वर ज्यांना पाठवली त्यांतल्या एकानं जरी खातं रिपोर्ट केलं तरी नव्यानं प्रोफाइल उभं करण्याची कटकट. म्हणून अनोळखी टोळीची धमकी बहुतेक वेळा धमकीच राहते. बहुतेक वेळा, नेहमी नाही. 'काऽही होत नाही हो' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. क्लिप कधीकधी खरंच पाठवली जाते, आणि त्या वेळेसाठीच मला बोलायचं आहे.

त्याआधी, ज्याच्यावर ही वेळ आज आली आहे त्याच्यासाठी. पैसे देऊ नका. 'थोडे देऊन टाकतो, पीडा जाईल' हेही नको, कारण पहिल्या व्यवहारातून त्याला एकच कळतं, की इथून पैसा निघतो. गयावया करू नका, शिव्याही देऊ नका; तुम्ही किती हादरला आहात हे दोन्हींतून कळतं. पाहुण्यारावळ्यांचा सल्ला असतो, 'लगेच ब्लॉक कर'. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. ब्लॉक करण्याआधी पाच मिनिटं काढून मेसेज, फोन नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, कारण नाव आणि फोटो तो हवा तेव्हा बदलू शकतो. पैसे गेले असतील तर व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक लिहून ठेवा. चॅट डिलीट करू नका. लाजेपोटी लोक सगळ्यात आधी तेच करतात आणि पुरावा स्वतःच्या हातानं पुसून बसतात. मग ब्लॉक करा, मित्रयादी फक्त स्वतःला दिसेल असं सेटिंग करा, हवं तर फेसबुक खातं काही दिवस बंद ठेवा. काही दिवस नवनव्या नंबरांवरून फोन येतील. उचलू नका.

पैसे गेले असतील तर घरच्यांना काय सांगायचं याचा विचार नंतर. आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर लावा. तिथं तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे पुढे सरकले नसतील तर त्या खात्यातच अडकवता येतात. इथं तासांचा हिशेब आहे, दिवसांचा नाही. पैसे गेले नसतील तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्राच्या पोर्टलवर नोंद करा. महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा काही गुन्ह्यांसाठी तिथं स्वतःचं नाव न देता तक्रार करण्याचीही सोय आहे.

फोटो कुणाच्या हाती आधीच पडले असतील तर आणखी एक वाट आहे, जी आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. 'स्टॉप एनसीआयआय' ही ब्रिटनमधल्या एका संस्थेनं डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केलेली सेवा. तिला तुमचा फोटो पाठवायचा नसतो. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. तोच फोटो कोणी तिथं चढवू पाहिला तर ठसा जुळतो आणि त्याला अडवता येतं. फोटो काढताना वय अठराच्या आत असेल तर बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची 'टेक इट डाउन' ही तशीच सोय २०२३ पासून आहे. दोन्ही फुकट. शिवाय २०२१ च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांना बांधून घातलं आहे: ज्याचं नग्न वा तसं बनवलेलं छायाचित्र आहे त्यानं स्वतः किंवा त्याच्या वतीनं कोणी तक्रार केली, तर ते काढून टाकायला त्या नियमांनी तेव्हा जास्तीत जास्त २४ तास दिले होते.

यातलं काहीच व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी मेसेजना लागू पडत नाही. तिथं कोण काय पाठवतंय हे कंपनीलाही दिसत नाही. तिथं फक्त पाठवणारा आणि पाहणारा.

आमच्या शाळेच्या दहावीच्या बॅचचा एक ग्रुप आहे. सकाळी फुलांचे फोटो, रात्री राजकारण. एकदा रात्री तिथं आमच्याच एका वर्गमित्राची अशी क्लिप येऊन पडली. खंडणीखोर काही ग्रुपमध्ये नव्हता. त्यानं ती मित्रयादीतल्या चार-सहा जणांना पाठवली होती. ग्रुपवर टाकली ती त्यांच्यातल्याच एकानं, 'अरे हे काय आलंय बघा' म्हणत. हेतू वाईट नव्हता, असं तो नंतर सांगत होता. लगेच दोन हसरे इमोजी, एक 'कोण रे हा?', आणि एक 'चेहरा ओळखीचा वाटतोय', जणू कोडं घातलं होतं. आमचा अ‍ॅडमिन टेम्पोचा धंदा करतो, एरवी फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. त्यानं क्लिप सगळ्यांसाठी डिलीट केली आणि लिहिलं: 'हा खंडणीवाल्याचा उद्योग आहे. कुणाच्या फोनमध्ये उतरली असेल तर काढून टाका. पुढं पाठवली तर मी स्वतः ठाण्यात नाव देणार.' मग मित्राचं नाव घेऊन, 'तू ग्रुप सोडू नकोस.' त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. सकाळी पुन्हा फुलं आली. महिन्याभरानं स्नेहमेळावा झाला, तो मित्र आला आणि नेहमीप्रमाणे वर्गणीवरून भांडला.

अ‍ॅडमिननं कायद्याचं पुस्तक उघडलं नव्हतं, पण तो बरोबर बोलत होता. लैंगिक कृतीचं चित्रण इलेक्ट्रॉनिक मार्गानं दुसऱ्याकडे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७अ कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मूळ गुन्हेगार कोण, हा प्रश्न तिथं येत नाही. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हा बचाव तिथं चालत नाही. क्लिपमधली व्यक्ती अठराच्या आतली असेल तर प्रकरण फार पुढं जातं. अशी सामग्री जाणूनबुजून पाहणं आणि जवळ बाळगणंही कायद्याच्या कचाट्यात येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

खंडणीला भीक न घालणाऱ्या माणसांच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठी फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८२४ मध्ये लंडनच्या एका प्रकाशकानं त्याला पत्र धाडलं: एका गणिकेच्या आठवणी छापतोय, त्यात तुम्हीही आहात, नाव वगळायचं असेल तर बोला. 'छाप आणि जा खड्ड्यात' असं उत्तर ड्यूकनं दिल्याची आख्यायिका आहे. आठवणी छापून आल्या, लंडनभर चघळल्या गेल्या, आणि तीन वर्षांनी वेलिंग्टन इंग्लंडचा पंतप्रधान झाला. २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोसनं त्याच्या खासगी फोटोंवरून आलेल्या धमकीच्या ईमेल स्वतःच जगासमोर ठेवल्या. त्याचंही काही बिघडलं नाही.

ही उदाहरणं ऐकायला छान वाटतात, पण ड्यूकला आणि अब्जाधीशाला जे परवडतं ते परभणीत खोली घेऊन शिकणाऱ्या मुलीला परवडत नाही. साखर कारखान्यातल्या कारकुनाला परवडत नाही. 'छाप' म्हटल्यावर ड्यूकचं घर, नोकरी, लग्न, गावातलं उठणं-बसणं काही धोक्यात येत नव्हतं. सामान्य माणसाच्या वतीनं ते वाक्य दुसऱ्या कुणीतरी उच्चारावं लागतं: बायकोनं, भावानं, मुख्याध्यापकांनी, सोसायटीच्या सेक्रेटरीनं, ग्रुपच्या अ‍ॅडमिननं. 'घाबरू नका' हा सल्ला सावजाला देणं सोपं आहे. त्यानं घाबरू नये अशी आपण वागणूक ठेवली आहे का, हे विचारणं अवघड आहे.

इथं बायकांची गोष्ट पुरुषांपेक्षा वेगळी आहे आणि दोन्ही एकाच मापानं मोजणं धोक्याचं आहे. पुरुषाच्या मागे लागलेली टोळी अनोळखी असते आणि तिला पैसा हवा असतो. बाईला धमकी देणारा फार वेळा ओळखीतलाच निघतो: आधीचा प्रियकर, मोडलेल्या लग्नातला मुलगा, ऑफिसातला सहकारी. त्याला पैसा नको असतो. तिनं परत यावं, भेटावं, लग्न मोडावं, तक्रार मागं घ्यावी, असं त्याला हवं असतं. त्याचा राग खरा असतो, तिच्या घराचा पत्ताही त्याला माहीत असतो आणि धमकी खरी करण्याची त्याची तयारीही जास्त असते. अशा वेळी 'दुर्लक्ष कर, आपोआप थांबेल' हा सल्ला मी कोणालाही देणार नाही. तिथं वेळ न दवडता लेखी तक्रार हवी, सोबत कोणीतरी हवं आणि तो कुठं राहतो हे पोलिसांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

बायकांच्या बाबतीत यादीतली माणसं काय करतात याचे दाखले मोबाइलच्याही आधीपासून आहेत. अजमेरला शाळा-कॉलेजातल्या मुलींना फोटोंच्या धाकावर वर्षानुवर्षं ओलीस धरलं गेलं आणि १९९२ मध्ये ते उघडकीला आलं. तिथं फोटो पसरले ते एकट्या त्या टोळीमुळं नाही. रोल धुवायला दिलेल्या लॅबमधून प्रती बाहेर पडल्या आणि हातोहात फिरल्या. लॅबवाल्यानं ते निगेटिव्ह पाहून पोलीस चौकी गाठली असती तर? झालं उलटंच. शहरातल्या मुलींची स्थळं बघताना 'ही त्यातली तर नाही ना' अशी चौकशी होऊ लागली, असं त्या काळच्या वार्ताहरांनी सांगून ठेवलं आहे. साक्ष द्यायला फार थोड्या मुली टिकल्या. शेवटच्या सहा आरोपींना जन्मठेप झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, बत्तीस वर्षांनी. आपल्याकडे १९९४ चं जळगाव वासनाकांड ज्यांना आठवतं त्यांना यातलं काही नवं वाटणार नाही.

मुलांचं काय, याचं उत्तर अमेरिकेतल्या आकड्यांत दिसतं. एफबीआय आणि तिथल्या गृहसुरक्षा खात्याकडे ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या दीड वर्षात अल्पवयीन मुलांकडून पैसे उकळण्याच्या १३ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. बळी किमान १२,६००, त्यात मुलग्यांचा भरणा, आणि किमान २० आत्महत्या. मिशिगनमधल्या सतरा वर्षांच्या एका मुलानं मार्च २०२२ मध्ये, पहिल्या मेसेजनंतर काही तासांतच जीव दिला. त्याच्याकडून पैसे मागणारे दोघे भाऊ नायजेरियातल्या लागोसचे निघाले. त्यांना अमेरिकेत आणलं गेलं आणि २०२४ मध्ये प्रत्येकी साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. काही तास. एवढ्या वेळात त्या मुलानं कुणाला एक वाक्य सांगितलं असतं तर, हा विचार मन पोखरत राहतो.

आपली मुलं ते वाक्य का सांगत नाहीत हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. सांगितलं तर आधी मोबाइल जाणार, मग थोबाडीत बसणार, मग 'तुला कशाला हवं होतं ते' पासून 'लोक काय म्हणतील' पर्यंत सगळं ऐकावं लागणार. मुलासाठी ती टोळी आणि आई-बाप दोघंही एकाच बाजूला उभे असतात. आठवी-नववीतल्या पोराला काही घडायच्या आधी, जेवताना, सहज सांगून ठेवायला हवं: असं कधी झालं तर आमच्याकडे ये, फोन काढून घेणार नाही, ओरडणार नाही, पैसे द्यायचे नाहीत, आपण बघू. आणि मग खरंच ओरडायचं नाही. मनात फारच काळोख दाटला असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर कुणापाशी तरी आत्ताच बोला. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं.

आता एक आक्षेप. 'म्हणजे काय, लोकांनी काहीही धंदे करावेत आणि आम्ही सांभाळून घ्यायचं?' हा प्रश्न रागानं विचारला जातो, आणि तो सरळ फेटाळण्यासारखा नाही. विवाहित माणसानं रात्री अकराला अनोळखी बाईशी व्हिडिओ कॉलवर काय केलं, याचा जाब त्याची बायको विचारेल. तिला तो हक्क आहे. तो त्या दोघांमधला मामला. त्याचा न्याय त्याच्या साडूनं, शेजाऱ्यानं आणि शिपायानं करायचं कारण नाही, आणि त्यासाठी क्लिप पाहण्याचं तर मुळीच नाही. चूक आणि गुन्हा यांत आपण फरक करत नाही. त्या फटीत टोळ्यांचं घर चालतं. वर्तमानपत्रंही यात मागं नाहीत. 'अश्लील कॉल पडला महागात' असा मथळा देऊन खाली खंडणीची बातमी छापायची ही रीत झाली आहे. घरफोडीच्या बातमीला 'कुलूप स्वस्तातलं घेणं पडलं महागात' असं कोणी लिहीत नाही.

काही जण म्हणतात, आता एआयमुळे हा प्रश्न आपोआप मिटेल. कुणाचाही चेहरा कुठल्याही शरीरावर बसवता येतो, तेव्हा 'ते फेक आहे' म्हटलं की झालं. कर्जाच्या अ‍ॅपवाल्यांनी हप्ता चुकवणाऱ्यांचे बनावट नग्न फोटो त्यांच्या नातेवाइकांना पाठवले होते, तेव्हा ही ढाल उपयोगी पडलीही असेल. पण मला ही वाट नको वाटते. फेक आहे म्हणून ती मुलगी निर्दोष, असं म्हटलं की जिचा फोटो खरा आहे ती आपोआप दोषी ठरते. तिनं तो विश्वासानं एका माणसाला पाठवला होता. विश्वासघात त्यानं केला. फोटो खरा की खोटा, हे विचारण्याचं आपल्याला कारणच काय? पुढं पाठवणाऱ्याचा गुन्हा दोन्हीकडे तेवढाच आहे.

राहता राहिले पोलीस. शहरांतल्या सायबर ठाण्यांत आता पुष्कळ बदल झाला आहे. तालुक्याच्या ठाण्यात मात्र अजूनही तीन वाक्यं ऐकू येतात. एक, 'पैसे गेले नाहीत ना? मग कशाला तक्रार?' भारतीय न्याय संहितेच्या ३०८ व्या कलमात खंडणीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहेच, पण खंडणीसाठी नुसती भीती घालणं हाही त्याच कलमाखाली वेगळा गुन्हा आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत इजा म्हणजे प्रतिष्ठेला लागलेला धक्काही येतो. दुसरं, 'हे आमच्या हद्दीत येत नाही.' १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं हद्द न पाहता गुन्हा नोंदवणं बंधनकारक केलं आहे. तिसरं, 'साहेब नाहीत.' यात मात्र तथ्य असतं: आयटी कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो आणि लहान ठाण्यात असा अधिकारी एखादाच. निरीक्षक वाढवणं हे सरकारचं काम आहे आणि त्यासाठी आरडाओरडा करायला हवा. पण तक्रार लिहून घेताना ठाणे अंमलदारानं शेजारच्याकडे बघून गालात हसू नये, यासाठी कोणत्याच तरतुदीची गरज नाही. तो हसला की तक्रारदार अर्ज घडी करून खिशात घालतो.

तर क्लिप आपल्या फोनवर आलीच तर नेमकं काय करायचं? उघडू नका. पूर्वदृश्यातच काय ते कळतं. ज्या नंबरावरून किंवा प्रोफाइलवरून आली तो आणि वेळ टिपून ठेवा. क्लिपचा स्क्रीनशॉट घेऊ नका. पाठवणाऱ्याला रिपोर्ट करा. मग त्या माणसाला फोन करा, मेसेज नको. 'मला असं असं आलं, मी पाहिलं नाही, नंबर माझ्याकडे आहे, पोलिसांत जायचं असेल तर मी येतो.' याहून जास्त बोलायची गरज नाही, कारणं विचारायची तर अजिबात नाही. पोलिसांना मूळ मेसेज हवा असेल तर ते सांगतील तसं करा, आपल्या मनानं तो कुणाकडेही, ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराकडेही, पाठवू नका. तक्रार होणार नसेल तर नंबर टिपल्यावर काढून टाका. क्लिपमध्ये अठराच्या आतलं मूल असेल तर केंद्राच्या त्या पोर्टलवर स्वतः नोंद करा.

आणि ठाण्यात जाण्याची वेळ आली तर खरंच जा. धमकीचा पुरावा सावजाच्या फोनमध्ये असतो. क्लिप प्रत्यक्ष पाठवली याचा पुरावा मात्र ज्याला आली त्याच्याच फोनमध्ये असतो. 'अमक्या तारखेला, अमक्या वाजता, या नंबरावरून मला हे आलं' एवढाच जबाब द्यायचा असतो. तो दिला की खंडणीच्या कलमाला आयटी कायद्याचं कलम जोडून लागतं आणि तपास निरीक्षकाकडे जातो. त्यासाठी अर्धा दिवस रजा टाकावी लागेल, बाकावर तास-दोन तास बसावं लागेल आणि फोन काही काळ पोलिसांच्या हाती द्यावा लागेल.